काळ्या पाण्यावर पाच जणी

डिक्शनरीत 'हॉलिडे' या शब्दासमोर 'सुट्टी' असं लिहिलेलं असतं. पण मित्र-मैत्रिणींनो, आपल्या साकोलीकडे या दोन शब्दांत जमीन-अस्मानाचा फरक आहे! सुट्टी म्हणजे कॉलेज बंद, मेस बंद, बॅग भरा आणि घरी जा. घरी धानाची कापणी सुरू असेल तर शेतावर, लग्न असेल तर लग्नात, आणि काहीच नसेल तर मामाच्या गावी. आणि हॉलिडे? तो टीव्हीवर असतो. निळंशार पाणी, पांढरी वाळू, नेमकं तिरपं वाढलेलं एक नारळाचं झाड आणि त्याच्या सावलीत काहीही न करणारी दोन माणसं.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. शाळा उघडली की दर वर्षी टीचर एकच निबंध द्यायच्या, सुट्टी कशी घालवली, आणि तोही इंग्रजीत. आम्ही कुठे जातच नव्हतो असं मुळीच नाही. प्रतापगडच्या यात्रेला गेलो, महाशिवरात्रीला पचमढीला गेलो, शेगाव, रामटेक झालं. पण प्रत्येक प्रवासाला काहीतरी कारण असायचं. नवस, साक्षगंध, तेरवी नाहीतर नागपूरचा दवाखाना. नुसतं बरं वाटावं म्हणून घराबाहेर पडणं या गोष्टीला आमच्या घरात शब्दच नाही. माझी मम्मी पंचेचाळीस वर्षांची आहे आणि तिने अजून समुद्र पाहिलेला नाही. पाहिला नाही याचं तिला वाईटही वाटत नाही, आणि मला खरं वाईट वाटतं ते याचंच.

म्हणून या लेखात सर्वप्रथम एक गोष्ट ठामपणे सांगून टाकते. हॉलिडे हा गुन्हा नाही. ज्या घरात तीन पिढ्या कामासाठीच घराबाहेर पडल्या, त्या घरातल्या मुलीने एकदा विनाकारण समुद्र पाहायला जावं, यात चैन कमी आणि हक्क जास्त आहे. मात्र तो हक्क वापरायचा कसा, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. आमच्या रूमने त्यावर अख्खं सेमिस्टर घालवलं आहे. तेच आज मांडते.

आम्ही पाच जणी. सातव्या सेमिस्टरची परीक्षा संपली की जानेवारीत एखाद्या बेटावर जायचं असं ठरलं. बजेट माणशी पंचवीस हजार, आणि तेही स्वतः साठवलेले. कोणी सातवीच्या मुलांच्या ट्यूशन घेते, कोणी दिवाळीची ओवाळणी जपून ठेवते. हप्त्यावर सहल घ्यायची नाही, हा पहिला नियम. आजकाल फिरायलासुद्धा ईएमआय मिळतो, पण आपल्याकडे त्याला जुना शब्द आहे, ऋण काढून सण! दुसरा नियम असा की, पाचही जणींना परवडेल तोच प्लॅन. एक जरी गळाली तरी प्लॅन रद्द.

'जानेवारी'वर पहिल्यांदा भांडण झालं. बहुतेकींना शेवटचा पेपर संपल्यावर, म्हणजे मे-जूनमध्ये जायचं होतं. पण पावसाचं वेळापत्रक विद्यापीठाला विचारून ठरत नाही. मान्सून केरळात यायच्याही आधी, साधारण मेच्या तिसऱ्या आठवड्यात, अंदमान-निकोबारवर पोचलेला असतो. त्या दिवसांत समुद्र खवळतो, बोटी रद्द होतात आणि ज्या पाण्यासाठी आपण गेलो ते गढूळ होतं. तेव्हा बेटावर जायचं असेल तर आधी परीक्षेचं टाइमटेबल आणि पावसाचं टाइमटेबल शेजारी शेजारी ठेवा. आमचा निम्मा वाद तिथेच संपला.

आता बेट कोणतं? आमच्या रूममध्ये सुरुवातीला सर्वानुमते मालदीव निवडून आलं होतं. कारण उघड आहे. पाण्यावर उभ्या असलेल्या लाकडी खोल्या आणि पायाखाली काचेतून दिसणारे मासे! आणि तिथे भारतीयांना व्हिसाही उतरल्यावर मिळतो. पासपोर्ट मात्र लागतोच, आणि तो आमच्यात फक्त दोघींकडे आहे. पण माझी हरकत पासपोर्टची नव्हती. मालदीवमध्ये १९७२ साली कुरुंबा हे पहिलं रिसॉर्ट सुरू झालं आणि पुढे 'एक बेट, एक रिसॉर्ट' ही पद्धत रूढ झाली. म्हणजे अख्खं बेट रिसॉर्टचं. तिथे शाळा नाही, बाजार नाही, कुणाची आजी ओसरीत बसलेली नाही. स्थानिक लोकांच्या वस्तीच्या बेटांवर गेस्ट हाऊस आले ते पुष्कळ नंतर. मग जो पाहुणा एका बेटावर उतरतो, चार दिवस राहतो आणि परत जातो, त्याने देश पाहिला की फक्त हॉटेल पाहिलं?

त्याच देशाची दुसरी बाजू डिसेंबर २०१४ मध्ये जगाने पाहिली. राजधानी माले येथे समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटला आग लागली आणि एका फटक्यात लाखभर लोकांचे नळ कोरडे पडले. भारताने विमानांतून आणि नौदलाच्या जहाजांतून पिण्याचं पाणी पाठवलं. जरा विचार करा, चहूकडे पाणीच पाणी आणि प्यायला थेंब नाही! जाहिरातीतल्या त्या निळ्या पाण्यातलं एक घोटभरही पिता येत नाही, ही साधी गोष्ट आपल्यासारख्या तलावांच्या जिल्ह्यात वाढलेल्या माणसाच्या लक्षातच येत नाही.

दुसरा नंबर लक्षद्वीपचा. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान तिथे जाऊन आले, मालदीवच्या काही उपमंत्र्यांनी त्यावर वेडंवाकडं लिहिलं, ते निलंबित झाले आणि आपल्या हॉस्टेलच्या निम्म्या मोबाइलवर 'चलो लक्षद्वीप' असे स्टेटस लागले. देशप्रेम उत्तम आहे. पण चलो म्हणण्याआधी जागा किती आहे ते तरी पाहावं! लक्षद्वीपची बेटं छत्तीस, त्यातली वस्तीची दहा, आणि सगळ्यांची मिळून जमीन जेमतेम ३२ चौरस किलोमीटर. आपल्या शेजारचं जुनं नागझिरा अभयारण्यच १५२ चौरस किलोमीटरचं आहे. म्हणजे नागझिऱ्याच्या पाचव्या हिश्श्याएवढ्या जमिनीवर २०११ च्या जनगणनेनुसार चौसष्ट हजार माणसं राहतात. शिवाय तिथे जायला परमिट लागतं. आमच्यातली एक म्हणाली, "आपल्याच देशात परमिट कशाला?" तिला मी विचारलं, "मग नागझिऱ्याच्या गेटवर गाड्यांचा कोटा कशाला? पावसाळ्यात गेट बंद कशाला?" ती गप्प बसली.

इथे सिव्हिल आणि मेकॅनिकलवाल्यांसाठी थोडं पाण्याचं गणित सांगते. प्रवाळाच्या बेटावर नदी नसते. पावसाचं पाणी वाळूतून झिरपतं आणि खाली खाऱ्या पाण्यावर भिंगासारखं तरंगत राहतं, कारण गोडं पाणी थोडं हलकं असतं. आपल्या पुस्तकात याला घायबेन-हर्झबर्ग नियम म्हटलं आहे. समुद्रसपाटीच्या वर एक मीटर गोडं पाणी असेल, तर खाली साधारण चाळीस मीटर असतं. ऐकायला छान वाटतं, पण उलटं वाचून पाहा. उपसा करून वरची पातळी एक मीटर उतरवली, तर खालून खारं पाणी कालांतराने चाळीस मीटर वर सरकू शकतं. एकदा विहिरी खाऱ्या झाल्या की पुन्हा गोड्या व्हायला कित्येक पावसाळे जातात.

या अडचणीवर आपल्याच देशातल्या इंजिनिअर लोकांनी सुंदर उपाय काढला. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने २००५ मध्ये कवरत्ती बेटावर प्लांट उभारला. समुद्राचं वरचं पाणी कोमट असतं. ते निर्वात टाकीत सोडलं की त्याचा थोडा भाग कमी तापमानालाच वाफ होतो. ती वाफ थंड करायला सुमारे ३५० मीटर खोलवरचं गार पाणी पाइपने वर खेचतात. ना मेम्ब्रेन, ना केमिकल. रोज एक लाख लिटर पाणी! आकडा मोठा वाटतो ना? कवरत्तीची लोकसंख्या २०११ मध्ये अकरा हजारांच्या वर होती. भागाकार करा. माणशी नऊ लिटरसुद्धा येत नाही. हॉटेलच्या शॉवरखाली एक मिनिट उभं राहिलं की तेवढं पाणी वाहून जातं.

आणि हे काही नवीन शहाणपण नाही. १६६४ मध्ये मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला. त्या किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आजही आहेत. चहूबाजूंनी खारा समुद्र आणि आत गोडं पाणी! महाराजांच्या माणसांनी बेटावर तट बांधला, पण तो तट राखणाऱ्यांना प्यायला काय मिळणार याचीही सोय तिथे आहे. आपण मात्र बेट निवडताना आधी स्विमिंग पूल आहे का ते बघतो. समुद्राच्या काठावर स्विमिंग पूल! ज्याला सुचलं त्याला आपल्या कॉलेजतर्फे मानद डिग्री द्यायला हवी.

तुम्ही म्हणाल, ही मुलगी फिरायला निघाली आहे की सर्व्हे करायला? पण यामागे एक कारण आहे, आणि ते साकोलीचंच आहे.

आपण दुसऱ्यांच्या हॉलिडेच्या दारात राहतो. पिटेझरीचं गेट इथून हाकेच्या अंतरावर. २०१३ च्या डिसेंबरात नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला, तेव्हापासून शनिवार-रविवारी हायवेवर पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांच्या गाड्या दिसतात. त्यांचा एकच प्रश्न असतो, "टायगर दिसला का?" दिसला तर जंगल चांगलं, नाही दिसला तर पैसे पाण्यात. वाटेतली गावं, मोहाची झाडं, सायकलवरून शाळेत जाणाऱ्या पोरी, मामा तलावाच्या पाळीवर बसलेली म्हातारी माणसं, यातलं काही त्यांना दिसत नाही. आपण त्यांच्या फोटोत मागे अंधूक असतो.

माझ्या रूममेटचा भाऊ जंगलाकडच्या एका रिसॉर्टवर कामाला आहे. तो पाहुण्यांचे टॉवेल मोजतो. त्याचा हिशेब असा की, एका पाहुण्यामागे रोज चार टॉवेल धुवायला पडतात. एकदा तो बहिणीला म्हणाला, "वाघ पाहायले आलेल्या मानसाले रोज चार टॉवेल कायले लागते?" आम्ही सगळ्या पोट धरून हसलो. रूममेट मात्र हसली नाही. ती म्हणाली, "आता आपण जिथे जाणार ना, तिथेही कोणाचा तरी भाऊ टॉवेल मोजत असेल." त्या दिवसापासून आमच्या प्लॅनिंगची वही बदलली. रिसॉर्टच्या पानावर 'व्ह्यू, पूल, ब्रेकफास्ट' असे तीन कॉलम होते. आता 'पाणी, कचरा, पैसा' असे तीन आहेत. पाणी कुठून येतं? कचरा कुठे जातो? आपण दिलेल्या शंभर रुपयांतले किती त्या बेटावर राहतात? गेटवरच्या गाईडला दिलेले पैसे पिटेझरीत राहतात हे आपल्याला ठाऊक आहे. मग समुद्रकाठी राहणाऱ्या नावाड्याच्या बाबतीत आपण हाच प्रश्न का विचारू नये?

शेवटी मत पडलं अंदमानला. आमच्या आजीला ही बातमी सांगितली तर ती हबकलीच. "काळ्या पान्यावर सोताचे पैसे देऊन कोन जाते बाई?" आजीचं बरोबरच आहे. तिच्या लहानपणी अंदमान म्हणजे सजा. १९०६ मध्ये सेल्युलर जेल पूर्ण झाला. सावरकर बंधू त्याच जेलात होते. तात्याराव १९११ मध्ये तिथे पोचले आणि कोलूला जुंपले गेले. तुरुंगाच्या सात बाजूंपैकी आज तीनच उभ्या आहेत. मराठी घरात हे माहीत नसलेला माणूस विरळा. पण तेच बेट पॅकेजमध्ये कसं छापलेलं असतं? 'दिवस पहिला: एअरपोर्ट पिकअप, सेल्युलर जेल, लाइट अँड साऊंड शो, डिनर.' विमानतळालाही सावरकरांचंच नाव आहे, आणि जेल मात्र संध्याकाळच्या दोन तासांत उरकायचा! आमच्या प्लॅनमध्ये जेलसाठी पूर्ण दिवस ठेवला आहे. ज्या समुद्राकडे पाहून कैद्यांचं काळीज तुटलं, त्याच समुद्राकडे पाहून आपण सुट्टी साजरी करणार आहोत, तर निदान एक दिवस त्यांचा असावा.

पोर्ट ब्लेअरचं नाव सप्टेंबर २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं. २०१८ च्या डिसेंबरात हॅवलॉकचं स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप झालं होतं. नावं बदलली पण पाण्याचा प्रश्न तोच आहे. शहराला पाणी मुख्यतः धनिखाडीच्या धरणातून मिळतं आणि उन्हाळ्यात ओढाताण होते. म्हणून राहायला स्विमिंग पूलवाली मोठी जागा घ्यायची नाही, स्थानिक कुटुंब चालवतं अशी साधी लॉज बघायची, हे पाचही जणींनी मान्य केलं. खरं सांगू, परवडणारीही तीच आहे! तत्त्व आणि बजेट एकाच दिशेला जाण्याचे प्रसंग आयुष्यात थोडे येतात, ते सोडू नयेत. टॉवेल मात्र घरून न्यायचे.

एका गोष्टीवर मात्र जोरदार वाद झाला. बहुतेक पॅकेजमध्ये बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा असतात. रस्त्याने गेलं तर जारवा लोकांच्या राखीव जंगलातून ताफ्याने जावं लागतं. २००२ मध्ये सुप्रीम कोर्टाने हा रस्ता त्या जंगलात बंद करायला सांगितलं होतं. २०१२ मध्ये पर्यटकांपुढे जारवा बायकांना नाचायला लावल्याचे व्हिडिओ बाहेर आले आणि सगळ्या देशाची मान खाली गेली. फोटो काढणं हा तिथे गुन्हा आहे. पण कॅमेरा बंद ठेवला म्हणून काय झालं? काचेआडून माणसं बघायला जाणं ही सफारीच झाली. नागझिऱ्यात जिप्सीतून वाघ बघतात, तोही बिचारा वैतागतो. माणसाकडे तसं बघायचं नाही. आम्ही त्या गुहा यादीतून खोडल्या. एकीने अजूनही अबोला धरला आहे, पण तीही येणार आहे.

जाताना आम्ही जहाजाने जाणार. हावड्याची गाडी गोंदियाहून मिळते, आणि कोलकात्याहून जहाजाने तीन-चार दिवस. जहाजं महिन्यातून मोजकीच असतात, त्यामुळे तारीख आधी जहाजाची, मग आपली. बंक क्लासमध्ये हॉस्टेलसारख्याच एकावर एक कॉट असतात म्हणे, म्हणजे सवय आहेच! उलट्या होतील, कंटाळा येईल, पण समुद्र किती मोठा आहे हे दोन तासांच्या विमानात कळत नाही. येताना मात्र चेन्नईपर्यंत विमान, कारण लेक्चर सुरू होतील. परत येताना पिशवीत शंख-प्रवाळ आणायचे नाहीत. प्रवाळाला १९७२ च्या त्याच वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे ज्याचं आपल्या वाघाला आहे. वाघनख घरी आणणारा माणूस आपल्याला गुन्हेगार वाटतो, तर प्रवाळाचा तुकडा शोकेसमध्ये ठेवणारा हौशी कसा?

राहिला घरच्यांचा प्रश्न. "पाच मुली एकट्या?" असं सगळ्या घरांतून विचारलं गेलं. पाच जणी एकट्या कशा होतील, हे गणित मला अजून सुटलेलं नाही. पप्पा म्हणाले, "समुद्र काय पळून चालला का? लग्नानंतर जा." मी त्यांना भांडून उत्तर दिलं नाही. वही दाखवली. जहाज, मुक्काम, खर्च, पावसाचा महिना, दवाखान्याची सोय, सगळं तारीखवार लिहिलेलं. त्यांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाले, "प्रोजेक्ट रिपोर्ट असा लिहिला असता तर!" त्याला मी होकार समजते.

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी पहिल्या हॉलिडेला जाल. नोकरी लागेल, पगार येईल आणि कुणीतरी निळ्या पाण्याचं चकचकीत पत्रक हातात ठेवेल. जरूर जा. संकोच करू नका, कारण शोधत बसू नका. आपल्या आईवडिलांनाही घेऊन जा. फक्त जाताना एवढं लक्षात असू द्या की आपण साकोलीचे आहोत. पाहुणा आला की गाव कसं दिसतं आणि गेला की मागे काय उरतं, हे आपल्याइतकं मुंबईच्या माणसाला माहीत नाही. नागझिऱ्याला येणाऱ्यांनी आपल्याशी जसं वागावं असं वाटतं, तसं आपण त्या बेटाशी वागलो, तर बस झालं.

आमच्या वहीत शेवटच्या पानावर एक ओळ अजून रिकामी आहे. पुढच्या वेळी मम्मीला घेऊन जायचं आहे, त्याची तारीख तिथे लिहायची आहे. ती नको म्हणतेय. पण परवा फोनवर तिने हळूच विचारलं, "समुद्राचं पाणी खरंच खारट राहते का गं?"